हवा पिळायचं यंत्र

समीक्षा लिहायला अधिकार लागतो असं म्हणतात. पुस्तकाची समीक्षा करायची तर पुस्तक वाचलेलं असावं लागतं (ही अट हल्ली बरीच सैल झाली आहे असं ऐकतो), आणि नाटकाची करायची तर निदान पास तरी मिळालेला असावा लागतो. माझा अधिकार याहून भक्कम आहे. ज्या वस्तूची समीक्षा मी करणार आहे ती मी स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेली आहे. समीक्षेच्या इतिहासात ही घटना दुर्मीळ असावी.

वस्तूचं नाव डिह्युमिडिफायर. हा शब्द एका दमात म्हणायला मला चार दिवस लागले. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी तो पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा तिथल्या पोरानं अदबीनं एक यंत्र काढून माझ्यासमोर ठेवलं आणि चालू करून दाखवलं. त्यातून भसाभसा धुकं बाहेर पडलं. तो ह्युमिडिफायर होता. माझ्या तोंडातला ‘डि’ तोंडातच राहिला होता. ‘ध’चा ‘मा’ झाल्यावर काय होतं ते आपण शाळेत शिकलो आहोत. ‘डि’ गळल्यावर काय होतं ते त्या दिवशी कळलं. ओल घालवायला गेलेला माणूस ओल विकत घेऊन घरी येणार होता.

घरी आईला समजावून सांगितलं. हवेतलं पाणी काढून घेतं, खाली टाकीत जमा करतं, मग आपण ते फेकून द्यायचं. आई म्हणाली, “मग सरळ हवा पिळायचं यंत्र म्हण की!” परिभाषा कोशवाले असते तर या कामाला त्यांनी तीन बैठका घेतल्या असत्या.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरकडच्या माणसाला हवा पिळायचं यंत्र कशाला? बरोबर आहे. आमची ख्याती उलटी. मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की दोरीवर टाकलेलं धोतर दुसरं टोक टाकेपर्यंत पहिल्या टोकाला वाळतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, नवतपा लागला, की घरोघरी कूलर घुरघुरतो. कूलर म्हणजे तरी काय? ओल्या ताट्यांतून हवा ओढायची, तिला पाणी पाजायचं आणि घरात सोडायची. म्हणजे मे महिन्यात आम्ही पैसे खर्चून हवेत पाणी घालतो आणि जुलैत पैसे खर्चून तेच पाणी बाहेर काढतो. दोन्ही वेळी वीज आमच्या कोराडीचीच. १९७४ साली इथल्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, आणि त्यांच्या कूलिंग टॉवरमधून दिवसरात्र वाफ आभाळात जात असते. ती वाफ बघत बघत मी तळघरात दिवसाला पाच लिटर पाणी पिळत होतो. ‘दर्या मे खसखस’ यालाच म्हणत असावेत.

तळघराची हकीकत सांगायला हवी. बाबा तेव्हाच्या वीज मंडळात, याच केंद्रात होते. सारं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं आणि निवृत्त झाल्यावर २००८ साली त्यांनी जवळच्याच एका लेआउटमध्ये घर बांधलं. आमच्याकडची जमीन काळी. ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पाया टाकला तर घराच्या भिंतींनाही तशाच भेगा जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. बाबांनी खड्ड्यात डोकावून बघितलं आणि कंत्राटदाराला म्हणाले, “खणलंच आहे, तर भरायचं कशाला?” मंडळातली माणसं खोदलेला खड्डा वाया जाऊ देत नाहीत. अशा रीतीनं आम्हाला दहा बाय बाराचं, आठ फूट उंचीचं तळघर प्राप्त झालं.

तळघर असलं की एक सोय होते. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर नको असते आणि टाकूनही देववत नाही, ती तळघरात जाते. २०१६ साली बाबा गेले. पुढे मुलीला अभ्यासाला खोली हवी म्हणून त्यांचं कपाट खाली गेलं. कपाटात वर्षावर्षानं बांधून ठेवलेले दिवाळी अंक, आणि त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या. १९७५ पासून २०१५ पर्यंत, वर्षाला एक, अशा एक्केचाळीस. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, पण एवढ्या सातत्यानं हिशेब लिहिलेला मी आमच्या बँकेतही पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी जुलैत कसल्याशा कागदासाठी प्लॉटचा शेवटचा हप्ता कधी भरला ते हवं होतं. आई म्हणाली, “वहीत असेल.” मी खाली उतरलो. तिसऱ्या पायरीवर वास आला. सादळलेले पापड, ओलं पोतं आणि जुनं सरकारी कार्यालय यांचं मिश्रण केलं तर येईल तसला. भिंतीचे पोपडे निघालेले. कपाट उघडलं तर वह्या दुपटीनं फुगलेल्या. एक उचलली, तिच्याबरोबर आणखी दोन आल्या. पानं एकमेकांना चिकटून त्यांची चवड झाली होती, आणि पुठ्ठ्यांवर बुरशीची हिरवी-पांढरी नक्षी उमटली होती.

वर येऊन मी कोणाला काही बोललो नाही. हिनं विचारलं, “सापडली का वही?” मी म्हटलं, “शोधतोय.” जेवणात मीठ जास्त पडलं होतं तेही मला कळलं नाही, यावरून हिला कळलं.

मग सल्ले आले. शेजारचे काका म्हणाले, “खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहिली पाहिजे.” हिनं डांबरगोळ्या सुचवल्या. बँकेत हेडकॅशिअरनं कापूर सांगितला. या दोन्हींनी ओल जात नाही, फक्त ओलीला वास येतो. आई म्हणाली, “ऊन दाखव.” पण जुलैमध्ये ऊन दाखवायचं तर आधी ऊन दिसायला हवं. तेव्हा मी बाजारात जे जे मिळतं ते पारखायचं ठरवलं. हीच ती समीक्षा.

प्रथम लोकसाहित्य. कळीचा चुना. हा परंपरेनं चालत आलेला, अल्पमोली आणि दिसायला ओबडधोबड. लोखंडी घमेल्यात दोन किलो ठेवला. (प्लास्टिकच्या टोपल्यात ठेवू नये. त्यावर पाणी पडलं तर तो चांगलाच तापतो. डोळे, हात आणि घरातली लहान मुलं यांपासून तो दूर ठेवावा.) किलोभर चुना हवेतलं फार तर तीनशे ग्रॅम पाणी घेतो आणि मग त्याचं पीठ होतं. ते आठवड्यात झालं. लोकसाहित्यात भाव असतो, आवाका नसतो.

दुसरी लघुकथा, म्हणजे सिलिका जेल. बुटांच्या खोक्यात ज्या पुड्या निघतात त्या. यातल्या एका जातीचे दाणे निळे असतात आणि पाणी पिऊन तृप्त झाले की गुलाबी होतात. हा बदल मला फार हृद्य वाटला. गरम केले की पुन्हा निळे. मात्र तो रंग विषारी असतो म्हणून ते काम पोळीच्या तव्यावर करू नये, ही सूचना मला तवा हातात असतानाच हिच्याकडून मिळाली. बंद डब्यात, कॅमेऱ्याच्या पेटीत, कागदपत्रांच्या घट्ट झाकणाच्या ट्रंकेत लघुकथा उत्तम परिणाम साधते. दहा बाय बाराच्या उघड्या खोलीत ती हरवून जाते. तिथे कितीही पुड्या टाका, त्या गुलाबी होतात आणि खोली आहे तशीच राहते.

तिसरे कपाटात ठेवायचे डबे. शंभर-दीडशेला मिळतात. वर कॅल्शिअम क्लोराइडचे पांढरे खडे, खाली रिकामी जागा. खडे हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतात आणि खाली खारं पाणी साठतं. हे आत्मसमर्पण मला भावलं. पण एकदा भरला की डबा संपला, पुन्हा नवा आणा. शिवाय तो कलंडला आणि ते पाणी कागदावर किंवा लोखंडावर सांडलं तर रोगापेक्षा औषध भारी. कपाटापुरता मर्यादित यशाचा प्रयोग, एवढंच म्हणता येईल.

चौथी नवकविता. हे तळहाताएवढं विजेचं यंत्र, दुधी रंगाचं, रात्री निळा दिवा लागणारं. किंमत चार हजारांच्या आसपास. याच्या पोटात पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८३४ साली शोधलेली करामत आहे. दोन धातूंच्या जोडातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. गार बाजूवर हवेतलं पाणी थेंबथेंब जमतं. आवाज नाही, धक्का नाही. मी रात्रभर लावलं. सकाळी टाकीत पाणी किती? अर्धा कप. तेवढ्यासाठी मी तीनदा उठून पाहायला गेलो होतो. जाहिरातीत मात्र ते ‘संपूर्ण खोलीसाठी’ होतं. खोली कोणाची, हे सांगितलेलं नव्हतं. बाहुलीची असावी. सात दिवसांत परत घेण्याची सोय होती म्हणून नवकविता परत गेली. साहित्यातही अशी सोय हवी.

पाचवी कादंबरी. हिच्यात कॉम्प्रेसर असतो. वजन बारा किलो, उंची गुडघ्याच्या वर, किंमत सतरा हजार. घेताना हात थरथरला, पण घेतली. कथानक सोपं आहे. पंखा दमट हवा आत ओढतो, ती फ्रिजसारख्या गार नळ्यांवरून जाते, पाणी टाकीत गळतं, आणि कोरडी झालेली हवा गरम होऊन बाहेर येते. थंडगार तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तोच प्रकार. बाबा असते तर म्हणाले असते, “आमच्या कंडेन्सरचं पिल्लू आहे हे!” टर्बाइन फिरवून थकलेल्या वाफेचं तिथं पुन्हा पाणीच करतात.

या घराण्याचा पूर्वजही कागदाच्या सेवेतलाच निघाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याची तक्रार होती की दमट हवेनं कागद फुगतो आणि रंगावर रंग नीट बसत नाही. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं त्यासाठी हवेतली ओल ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आज आपण जिला एसी म्हणतो ती वस्तू त्यातून जन्मली. म्हणजे जगातला पहिला एसी साहेबासाठी झालेला नाही, कागदासाठी झाला. हे मी शाखेत सांगितलं, तेव्हा सारे एकदा रेकॉर्डरूमकडे आणि एकदा साहेबांच्या केबिनकडे पाहू लागले.

आता दोष. या कादंबरीवर ठळक अक्षरांत ‘१२ लिटर’ छापलेलं होतं. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की हे चोवीस तासांत, तीस अंश तापमानाला आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला. म्हणजे हे स्कूटरच्या मायलेजसारखं झालं. रस्ता सपाट, वारा पाठीमागून आणि बायको मागे बसलेली नाही. हवा थोडी कोरडी झाली की तेच यंत्र बरंच कमी पाणी काढतं. अमेरिकेत २०१९ साली मोजमापाची अट बदलली आणि अधिक गार हवेत चाचणी घ्यायचं ठरलं, तेव्हा सत्तर पाइंटवाली यंत्रं एका रात्रीत पन्नास पाइंटवाली झाली. यंत्रं तीच, फक्त खरं बोलू लागली. तेव्हा घेताना लिटरच्या आकड्याशेजारी अंश आणि टक्के वाचावेत. ते लिहिलेलेच नसतील तर ती कलाकृती प्रयोगशील समजून दूर ठेवावी.

विजेचा हिशेब मी केला, कारण तो केल्याशिवाय मला झोप येत नाही. यंत्र अडीचशे वॉटचं. रोज दहा तास म्हणजे अडीच युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर पंचवीस रुपये. दहा तासांत पाणी निघतं पाच लिटर. म्हणजे पाच रुपये लिटर भावाचं पाणी, आणि तेही पिण्यालायक नाही. शिवाय टाकी भरली की यंत्र बंद पडून ओरडतं. ते नेमकं पहाटे तीनला ओरडतं.

यासोबत मी आणखी एक चीज घेतली होती, तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काडेपेटीएवढा जीव. पण सगळ्या प्रयोगात खरा समीक्षक तोच निघाला. तो कुणाचा मित्र नाही, कुणाचा शत्रू नाही, नुसता आकडा सांगतो. साठ टक्क्यांच्या वर हवा दमट राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि पन्नासच्या आसपास कागद सुखी. पहिल्या दिवशी त्यानं तळघरात पंच्याऐंशी दाखवले. शेजारच्या काकांच्या सल्ल्यानुसार खिडकी उघडली तर नव्वद! जुलैतली बाहेरची हवा आधीच पाण्यानं भरलेली, ती खालच्या गार भिंतीला लागली की तिथंच घाम सोडते. खेळती हवा चांगली, पण पावसाळ्यात ती ओल्या पायांनी खेळायला येते. काकांना मी आकडा दाखवला. ते म्हणाले, “यंत्र बिघडलं असेल.” समीक्षकाच्या नशिबी हेच.

आता या साऱ्याचा कळस. मुलगी अकरावीत, विज्ञान शाखेला आहे. मी रोज टाकीतलं पाणी मोजून वहीत लिहितो हे पाहून ती म्हणाली, “बाबा, पण खोलीतल्या हवेत एवढं पाणी असतंच कुठं?” तिनं आकडेमोड करून दाखवली. तीस अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त तीस ग्रॅम पाणी मावतं. आपलं तळघर साधारण सत्तावीस घनमीटर. पंच्याऐंशी टक्क्यांना तिथल्या साऱ्या हवेत मिळून जेमतेम पाऊण लिटर पाणी. ते पंचावन्न टक्क्यांवर आणायचं तर फक्त पाव लिटर काढायला हवं.

मी वहीकडे पाहिलं. सोमवार, पाच लिटर. मंगळवार, पाच. बुधवार, पावणेपाच. असे वीस दिवस.

वाचकहो, मी बँकेतला माणूस आहे. खात्यात शिल्लक पाऊण लिटर, आणि वीस दिवसांत काढले शंभर लिटर! चेक तर एकही परत आलेला नाही. याचा अर्थ या खात्यात कोणीतरी रोज गुपचूप भरणा करतंय. मी नोकरीला लागलो तेव्हा दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसवून ठेवणारे अकौंटंट पाहिले आहेत. हा तर शंभर लिटरचा फरक. मला घाम फुटला. तोही त्या खोलीत जमा झाला असणार.

रविवारी प्लंबर बोलावला. तो घराभोवती एक फेरी मारून आला आणि मागच्या भिंतीशी थांबला. गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप तिथे उतरतो. त्याचा खालचा एल्बो केव्हाच निखळला होता, आणि पाइपाचं तोंड बरोबर तळघराच्या भिंतीच्या पायथ्याशी उघडं होतं. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेली भेग त्याच्या खाली आ वासून उभी.

“साहेब,” तो म्हणाला, “तुमी खाली पानी उपसून राह्यले, अन् वरून तुमचाच पाइप ओतून राह्यला ना जी!”

आमचा स्लॅब आठशे चौरस फुटांचा. त्यातला अर्धा या पाइपावर. एक इंच पाऊस पडला की या पाइपातून नऊशे लिटरच्या वर पाणी येतं. बारा लिटरवाली माझी कादंबरी अडीच महिने रात्रंदिवस चालली, तर त्या एका पावसाचं पाणी उपसून होईल. आणि नागपूरला पावसाळाभरात असे चाळीसेक इंच पडतात.

प्लंबरची नजर आणखी खाली गेली. तिथं बाबांनी लावलेली जास्वंद आहे. “अन् हे आळं एवढं वलं कसं काय? काल तं पानीच नोता.”

मी गप्प राहिलो. आईनं उत्तर दिलं. “त्या यंत्राचं पाणी हा रोज जास्वंदीलाच घालतो. वाया कशाला घालवायचं म्हणून.”

म्हणजे रोज सकाळी मी तळघरातून पाच लिटर काढत होतो आणि त्याच भिंतीला बाहेरून पाच लिटर भरत होतो. एका खात्यातून काढायचं, दुसरीकडून फिरवून त्याच खात्यात भरायचं. बँकेत हा प्रकार करणाऱ्या माणसाची आम्ही चौकशी लावतो.

नवा एल्बो, दहा फूट पाइप, भिंतीपासून लांब नेऊन सोडलेलं पाणी, भेगेत मुरूम ठासून बाहेरच्या बाजूला उतार. सामान आणि मजुरी मिळून साडेअकराशे रुपये. नंतरच्या आठवड्यात यंत्राची टाकी पाचवरून तीनवर आली. नवरात्रात जगदंबेच्या यात्रेची गर्दी आमच्या रस्त्यापर्यंत आली, तेव्हा टाकीत दिवसाकाठी अर्धा लिटरही जमत नव्हतं, आणि आर्द्रतामापक बावन्न दाखवत होता. यंत्र बिघडलं की काय म्हणून मी ते उघडायला निघालो होतो. हिनं स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

तेव्हा निकाल असा. डिह्युमिडिफायर ही चांगली कलाकृती आहे, पण ती तिसऱ्या अंकात प्रवेश करणारी आहे. पहिल्या अंकात तीनशे रुपयांचा मापक घ्यावा. दुसऱ्या अंकात पाणी येतं कुठून ते शोधावं. पाइप, गटार, बागेचं आळं, गळकी टाकी, सगळं बघावं. त्यानंतरही आकडा साठच्या खाली येत नसेल तरच कॉम्प्रेसरवालं यंत्र आणावं, आणि ते चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात. हा क्रम उलटा केला तर काय होतं त्याची पावती माझ्याकडे आहे, सतरा हजारांची. कपाटासाठी डबे, ट्रंकेसाठी सिलिका. नवकविता भेट द्यायला ठीक.

आणि एक कलाकृती समीक्षेतून सुटली होती. विदर्भातला मे महिना. आईच्या तरुणपणी क्वार्टरच्या गच्चीवर वैशाखात सारं घर वाळायला पडायचं. गहू, डाळी, गाद्या, पापड, कुरडया. पण पुस्तकं आणि पोथ्या ती उन्हात टाकत नसे. पापड उन्हात, पोथ्या सावलीत, हा तिचा नियम. ऊन थेट लागलं तर शाई उडते आणि कागद पिवळा पडून कडकतो. सावलीतली कोरडी हवा पुरे. या मे महिन्यात तिच्या देखरेखीखाली आम्ही त्या एक्केचाळीस वह्या वरच्या व्हरांड्यात उभ्या करून, पानं पंख्यासारखी उलगडून ठेवल्या. खिडक्या सताड उघड्या. मापक वीस दाखवत होता. आमच्याकडची जी हवा आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घालत कूलरमध्ये बुडवली, ती चार दिवस फुकट राबली.

एकतीस वह्या वाचल्या. दहा गेल्या. बाबा शेवटपर्यंत शाईपेननं लिहायचे. पाण्यानं शाई पसरली आणि जिथं जिथं ती दाट होती तिथं, म्हणजे आकड्यांवर, निळे डाग पडले. आकडे ते जरा दाबून लिहीत.

मला १९९८ ची वही सापडली. जून महिना. त्या वर्षी मी बी.कॉम.ला गेलो. खर्चाच्या बाजूला ‘चि. कॉलेज फी व बस पास’, पुढे निळा डाग. जमेच्या बाजूला त्याच तारखेला ‘सायकल विक्री’, पुढे निळा डाग.

त्या वर्षी बाबा केंद्रावर चालत जायला लागले होते. सायकलचं काय झालं विचारलं तर म्हणाले, “चालण्यानं प्रकृती चांगली राहते.” मी अठरा वर्षांचा होतो. मला ते इतकं पटलं की पुढे मीही चार लोकांना तो सल्ला दिला.

दोन्ही आकडे गेले आहेत. फी त्या सायकलीत भागली का, आणि नसेल तर वरचे कुठून आणले, हे आता कुठल्याच वहीवरून निघणार नाही. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “सायकल चांगली होती.” एवढंच.

वह्या आता वर, मुलीच्या खोलीत आहेत. तिनं स्वतःच एक फळी रिकामी करून दिली. रिकाम्या तळघरात आम्ही कूलर नेऊन ठेवला आहे. त्याला ओलीची सवय आहे.